मीटर म्हणतो शुगर ठीक, लघवीची पट्टी म्हणते प्लस-प्लस: घोळ नेमका कुठे होतो?

"सकाळी ग्लुकोमीटरवर 112 आली, पण लघवीच्या पट्टीवर शुगर ++. मीटर बिघडलाय का पट्टी?" लॅबमध्ये काम करणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. उलटी तक्रारही तेवढीच ऐकू येते: मीटरवर 240 आणि पट्टीचा रंग जागचा हलत नाही. मग पट्ट्यांची नवी बाटली येते, पुढे नवा मीटर येतो, आणि आठ दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा समोर.

बहुतेक वेळा मीटर आणि पट्टी दोन्ही बरोबर असतात. मीटर आत्ताच्या क्षणाची शुगर सांगतो. पट्टी मूत्राशयात मागच्या काही तासांत जे साठलं त्याचं सांगते, तेही किडनीने जेवढं बाहेर जाऊ दिलं तेवढंच. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं शेजारी ठेवली की ती जुळणार कशी? तरीही कधीकधी पट्टी खरोखरच चुकते, आणि ती का चुकते हे शोधता येतं.

आधी किडनीचं गणित

रक्त किडनीतून गाळलं जातं तेव्हा त्यातलं ग्लुकोजही खाली उतरतं. दिवसभरात साधारण 180 ग्रॅम ग्लुकोज असं गाळलं जातं आणि निरोगी किडनी ते जवळजवळ सगळं परत रक्तात ओढून घेते. पण या ओढून घेण्याला मर्यादा आहे. रक्तातली शुगर साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर गेली (प्रति डेसिलिटर; पुढे आकडा आला की हेच माप धरा) की किडनीची क्षमता संपते आणि उरलेलं ग्लुकोज लघवीत येतं. धरणाच्या सांडव्यासारखं आहे हे. पाणी सांडव्याच्या खाली असेपर्यंत धरण अर्धं आहे की तुडुंब, हे खालच्या गावाला कळत नाही.

यातली एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पट्टी कोरी आली तर शुगर 170 असू शकते, 100 असू शकते आणि 45 सुद्धा असू शकते. शुगर कमी झाली आहे का, हे लघवीवरून कळतच नाही. हात थरथरताहेत, घाम फुटलाय, डोकं सुन्न झालंय, अशा वेळी पट्टी काढून बसू नका. मीटर लावा. मीटर हाताशी नसेल तर शुगर कमी आहे असंच धरून 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर तोंडात घाला आणि 15 मिनिटांनी पुन्हा बघा. माणूस बेशुद्ध असेल किंवा नीट गिळू शकत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

दुसरी गोष्ट म्हणजे 180 हा आकडा प्रत्येकाचा सारखा नसतो. वय वाढतं, मधुमेह जुना होतो, किडनीचं काम मंदावतं, तसा तो वर सरकू शकतो. गरोदरपणात खाली येतो. काही जणांच्या किडनीची ठेवणच जन्मतः अशी असते की रक्तातली शुगर अगदी सामान्य असतानाही लघवीत ग्लुकोज येतं. त्यांना मधुमेह असतोच असं नाही आणि बहुतेकांना त्याचा त्रासही होत नाही.

मीटर ठीक, पट्टी प्लस

एक दुपार घ्या. एक वाजता लघवी करून तुम्ही जेवायला बसलात. अडीचला शुगर 230 वर पोचली, चारपर्यंत उतरत 150 झाली, पाच वाजता 120. पाचला मीटर लावला आणि त्याच वेळी, एक वाजल्यानंतर पहिल्यांदा, लघवी तपासली. मीटरवर 120, पट्टीवर ++. अडीचच्या आसपास जे ग्लुकोज सांडलं ते अजून मूत्राशयातच होतं, पट्टीने तेच दाखवलं. खरं म्हणजे पट्टीने इथे कामाची गोष्ट सांगितली: जेवणानंतर शुगर चांगलीच उसळते, आणि पाच वाजता मीटर लावणाऱ्याला ती कधीच दिसणार नाही. सकाळच्या पहिल्या लघवीचंही तेच. रात्रभर साठलेलं सगळं तिच्यात असतं, त्यामुळे उपाशीपोटीची शुगर 112 आणि पट्टी ++ हे एकाच सकाळी घडू शकतं. रात्रीचं जेवण उशिरा झालं असेल तर जास्तच.

पट्टीकडून आत्ताचं उत्तर हवं असेल तर दोनदा लघवी करायची. पहिली पूर्ण करून टाकून द्या, पेलाभर पाणी प्या, अर्ध्या तासाने पुन्हा करा आणि ती दुसरी तपासा. या अर्ध्या तासात जी लघवी तयार झाली तिच्यातच काय ते दिसेल. घोळाच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असा माझा अंदाज आहे. मात्र पुरुषांमध्ये प्रोस्टेट वाढली असेल, किंवा जुन्या मधुमेहामुळे मूत्राशयाच्या नसा मंदावल्या असतील, तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. जुनी लघवी नव्यात मिसळते आणि दुसऱ्या वेळचं उत्तरही मागचंच राहतं. अशा घरात लघवीच्या शुगरवर वेळ घालवू नये हेच बरं.

दोनदा केली तरी दुसरी प्लसच येते? मग गोळ्या बघा.

ज्यांच्या नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" येतं ती औषधं, म्हणजे डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, कामच तसं करतात. किडनीतला ग्लुकोज परत ओढणारा रस्ता ती अडवतात आणि ग्लुकोज लघवीवाटे बाहेर घालवतात. या गोळीवर असलेल्या माणसाची पट्टी रोज, प्रत्येक वेळी, गडद प्लस येणार. शुगर 100 असली तरीही. गोळी लागू पडते आहे एवढाच त्याचा अर्थ. गंमत म्हणजे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, कारण ही औषधं अनेकदा मेटफॉर्मिन किंवा दुसऱ्या एखाद्या औषधासोबत एकाच गोळीत येतात आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात भलतंच नाव असतं. पाकीट उलटं करा, बारीक अक्षरातले घटक वाचा. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारासाठीही ही गोळी दिली जाते, त्यामुळे मधुमेह नसलेल्या माणसाची पट्टीही प्लस येऊन घर घाबरतं. गोळी बंद केल्यावर पुढचे काही दिवस परिणाम टिकतो, तेव्हा "कालपासून गोळी नाही, तरी प्लस कसं?" याचं उत्तरही तेच. या औषधांवर असताना शुगरसाठी लघवी तपासण्यात काही अर्थ नाही. कीटोनसाठी (शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी द्रव्यं) मात्र आहे, आणि तो नेहमीपेक्षा जास्त आहे. ते पुढे येतंय.

गोळी नाही, दुसरी लघवी तपासली, मीटर सातत्याने 150 च्या खाली, तरी पट्टी प्लसच? मग तुमचा सांडवा खाली असण्याची शक्यता आहे. गरोदर बाई असेल तर घरी निष्कर्ष काढू नका, पट्टीवरून गरोदरपणातला मधुमेह ठरतही नाही आणि नाकारताही येत नाही. त्यासाठी ग्लुकोज पाजून रक्ताची तपासणी करतात. बाकीच्यांनी डॉक्टरांना आकडे दाखवून एकदा एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी) करून घ्यावं.

शेवटचं आणि क्षुल्लक वाटणारं कारण म्हणजे भांडं. ब्लीचने किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड असलेल्या क्लीनरने धुतलेल्या डब्यात लघवी घेतली तर पट्टी ग्लुकोज नसतानाही रंगते. पट्टीतलं एन्झाइम ग्लुकोजपासून पेरॉक्साइड तयार करतं आणि रंग त्या पेरॉक्साइडमुळे येतो. पेरॉक्साइड बाहेरून आलं काय आणि आत तयार झालं काय, पट्टीला फरक कळत नाही. टॉयलेटच्या भांड्यातल्या पाण्यात पट्टी बुडवणारेही आहेत. ते नकोच.

मीटर जास्त, पट्टी कोरी

इथे पहिला संशय बोटावर घ्या. फळ कापलेल्या, गोड काही हाताळलेल्या बोटातून थेंब काढला तर मीटर भरमसाट आकडा दाखवू शकतो. हात साबणाने धुवा, कोरडे करा, पुन्हा मोजा. आकडा तोच आला तर पुढे चला.

शुगर नुकतीच चढली असेल तर मूत्राशयातली लघवी अजून आधीची, चांगल्या वेळची असते. अर्ध्या तासाने पुन्हा तपासलं की रंग येतो. तोही आला नाही आणि माणूस वयस्कर असेल, मधुमेह वीस वर्षांचा असेल, तर सांडवा वर सरकला असण्याची दाट शक्यता आहे. अशा माणसाची शुगर 220 झाली तरी पट्टी कोरी राहू शकते. इतकी वर्षं "लघवीत साखर नाही, म्हणजे सगळं उत्तम" या समजुतीवर राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. या पट्टीचा सगळ्यात मोठा तोटा कुठला असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन.

तुमचा सांडवा कुठे आहे हे घरी अंदाजाने काढता येतं. काही दिवस, वेगवेगळ्या वेळी, दुसरी लघवी आणि मीटर एकाच वेळी तपासून जोडीने लिहा. 165 ला कोरी, 190 ला कोरी, 205 ला हलका रंग, 240 ला + असं दिसलं तर तुमचा सांडवा 200 च्या आसपास आहे. पुढे पट्टीचा अर्थ त्या हिशेबाने लावा. ग्लिफ्लोझिन चालू असेल तर हा खटाटोप निरर्थक.

मग व्हिटॅमिन सी. मोठ्या डोसची गोळी किंवा पाण्यात विरघळणारी गोळी घेतली की जास्तीचं व्हिटॅमिन लघवीत उतरतं आणि पट्टीवरचा रंग तयार होण्याआधीच तो खाऊन टाकतं. ग्लुकोज असूनही पट्टी कोरी किंवा फिकी. सर्दी झाली की ही गोळी सुरू करणारे बरेच असतात, आणि नेमक्या त्याच आजारपणात शुगर चढलेली असते.

लघवी फ्रिजमध्ये ठेवून तशीच थंडगार तपासली तर एन्झाइम मंद चालतं आणि रंग कमी येतो. आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या. बाहेर तासन्‌तास पडून राहिली तर त्यातले जंतू ग्लुकोज फस्त करतात. शक्यतो ताजीच, फार तर तासाभराच्या आतली तपासा.

पट्टी वापरताना होणारे घोटाळे

वेळ हा यातला मोठा भाग. ग्लुकोजचा चौकोन बहुतेक पट्ट्यांवर 30 सेकंदांनी वाचायचा असतो, कीटोनचा पट्टीनुसार 15 किंवा 40 सेकंदांनी. तुमच्या बाटलीवर जे लिहिलंय तेच धरा. दहाव्या सेकंदाला बघितलं तर कमी दिसेल. पट्टी बेसिनच्या कडेवर ठेवून दात घासून परत आलात तर ती गडद झालेली असेल, आणि तो रंग कशाचाच नसतो. मोबाइलवर सेकंद लावा. मनातल्या मनात मोजलेले तीस सेकंद घाईच्या सकाळी अठराच भरतात.

बुडवणं क्षणभराचं. सगळे चौकोन एकदा ओले झाले की लगेच बाहेर. जास्त वेळ बुडवली तर चौकोनातलं रसायन धुऊन जातं. काढताना पट्टीची कड डब्याच्या काठावर घासून घ्या, मग कड टिश्यूला टेकवून जास्तीचं टिपा, चौकोनांवर टिश्यू फिरवू नका. आणि पट्टी आडवी धरा. उभी धरली की वरच्या चौकोनाचा रस खालच्यावर ओघळतो. एकाहून जास्त चौकोनांच्या पट्टीवर हिरव्या चौकोनाच्या कडेला पिवळट ओघळ दिसला तर हेच झालंय असं समजा, नवी पट्टी घ्या.

उजेडाचंही तसंच. बाथरूममधल्या पिवळ्या बल्बखाली निळा आणि हिरवा ओळखणं अवघड जातं. खिडकीजवळ किंवा पांढऱ्या दिव्याखाली वाचा. हिरव्या-तपकिरी रंगांत गल्लत होणाऱ्या माणसाने दुसऱ्याकडून वाचून घ्यावं. मोतीबिंदू असलेल्यांनीही.

साठवण: पट्टीचा खरा शत्रू दमट हवा. बाटलीच्या झाकणात किंवा आत ओलावा शोषणारी पुडी असते, ती काढून टाकू नका. पट्ट्या दुसऱ्या डबीत ओतू नका, बाटली बाथरूममध्ये ठेवू नका, फ्रिजमध्येही नको, कारण बाहेर काढल्यावर आत दव धरतं. एक पट्टी काढली की लगेच झाकण. बाटलीवर छापलेली मुदत ही न उघडलेल्या बाटलीची असते. उघडल्यावर किती महिने चालते ते वेगळं लिहिलेलं असतं आणि ते कुणी वाचत नाही. झाकण उघडाल त्या दिवशीच पेनाने तारीख बाटलीवर लिहा. काटकसर म्हणून पट्टी उभी कापून दोन करण्याची पद्धतही घराघरांत आहे. कापताना चौकोनाचे तुकडे पडतात, हात लागतो, कापलेलं अर्ध उघड्यावर पडून राहतं. त्या वाचवलेल्या अर्ध्या पट्टीवर मी विश्वास ठेवणार नाही.

आणि प्लसच्या खुणा. एका कंपनीचं ++ म्हणजे दुसरीचं ++ नव्हे. एका प्रचलित मोजणीत + म्हणजे 250, ++ म्हणजे 500, +++ म्हणजे 1000 मिलिग्रॅम, पण सगळ्यांची तशी नसते. ब्रँड बदलल्यावर "शुगर वाढली" असं वाटत असेल तर प्लस सोडा, मिलिग्रॅमचे आकडे ताडून बघा. लघवीतले हे आकडे रक्तातल्या आकड्यांशी जोडायचे नसतात. दोन ग्रॅम ग्लुकोज 200 मिलिलिटर लघवीत आलं तर 1000 दिसेल, तेच 400 मिलिलिटरमध्ये आलं तर 500. फरक फक्त प्यायलेल्या पाण्याचा. म्हणून पट्टीच्या प्लसवरून इन्सुलिनचं युनिट वाढवणं-कमी करणं घातक आहे.

पट्टीच बाद झालीय का, हे कसं बघायचं?

साध्या पाण्यात बुडवा. रंग आला तर बाटली किंवा भांडं खराब. मग ग्लुकोज पावडर घ्या, व्हिटॅमिन सी न घातलेली. सपाट चहाचा चमचा लिटरभर पाण्यात विरघळवा, म्हणजे साधारण 400 ते 500 मिलिग्रॅमच्या आसपास जाईल. हे पाणी तास-दोन तास ठेवा, कारण कोरड्या पावडरीतलं ग्लुकोज ज्या रूपात असतं ते एन्झाइमला नीट पकडता येत नाही आणि पाण्यात हळूहळू बदलतं. मग पट्टी बुडवा. ठसठशीत रंग यायला हवा. आला नाही तर बाटली फेकून द्या.

घरातली साखर यासाठी चालत नाही. साखर म्हणजे सुक्रोज, आणि पट्टीतलं एन्झाइम ग्लुकोज सोडून कशालाच भीक घालत नाही. साखरेच्या पाण्यात पट्टी कोरी राहिली म्हणून चांगल्या पट्ट्या टाकून देणारे लोक आहेत.

बेनेडिक्टवाले

काही घरांत लघवीतली शुगर बघायला अजून बेनेडिक्टचं निळं द्रावण आणि टेस्ट ट्यूब आहे. 5 मिलिलिटर द्रावण, 8 थेंब लघवी, उकळायचं: निळं म्हणजे काही नाही, मग हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी. आधी नुसतं द्रावण उकळून बघा. तेच हिरवं झालं तर द्रावण खराब. ट्यूबचं तोंड स्वतःकडे किंवा कुणाच्या चेहऱ्याकडे नको, उसळतं. ही पद्धत फक्त ग्लुकोज ओळखत नाही. व्हिटॅमिन सी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईच्या लघवीतलं लॅक्टोज, असं बरंच काही तिला रंग देतं. म्हणजे व्हिटॅमिन सीने पट्टी खोटी कोरी येते आणि बेनेडिक्ट खोटं प्लस. एकाच लघवीवर दोन्ही करून गोंधळलेल्यांसाठी हे सांगतोय. ग्लुकोजपुरती बोलणारी बुडवा-आणि-वाचा पट्टी 1956 मध्ये हेलन आणि आल्फ्रेड फ्री या दांपत्याच्या कामातून आली. ज्यांनी त्याआधी रोज सकाळी ट्यूब उकळली त्यांना तिचं मोल विचारावं.

कीटोन: पट्टीचं खरं काम

शुगर रोज मोजायला आज मीटर आहे, त्यामुळे लघवीच्या शुगरची गरज मागे पडली. कीटोनची तशी पडलेली नाही. इन्सुलिन अपुरं पडलं की शरीर चरबी जाळायला लागतं, कीटोन साठतात आणि रक्त आम्लधर्मी होत जातं. टाइप 1 असलेल्यांच्या, आणि ग्लिफ्लोझिनवर असलेल्यांच्या घरात कीटोनची पट्टी असलीच पाहिजे असं माझं मत आहे. शुगर 240 च्या वर अडून बसली आहे, ताप आहे, उलट्या होताहेत, इन्सुलिनचा डोस चुकलाय, पंपाची नळी निघालीय, अशा वेळी दर चार ते सहा तासांनी बघायचं.

इथली वारंवार येणारी तक्रार अशी: "उपचार सुरू झाले, माणूस सावरतोय, शुगर उतरली, पण पट्टी आणखीच जांभळी होतेय." लघवीची पट्टी अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट हा कीटोन ओळखते. आजार जोरात असताना रक्तात जास्त असतो तो बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, आणि तो पट्टीला दिसत नाही. बरं होताना दुसऱ्याचं पहिल्यात रूपांतर होतं, म्हणून माणूस सुधारतो तसा रंग गडद होऊ शकतो. याचीच दुसरी बाजू अशी की सुरुवातीला पट्टी आजार कमी करून दाखवू शकते. पट्टीवर जेमतेम रंग आहे पण माणूस सतत ओकतोय, पोटात दुखतंय, श्वास खोल आणि जोरात चाललाय, तोंडाला फळासारखा वास येतोय, गुंगी आहे, तर पट्टी बाजूला ठेवा आणि निघा. रक्तातले कीटोन मोजणारा मीटर मिळत असेल तर तो सरस. त्यावर (इथे माप मिलिमोल प्रति लिटर) 0.6 च्या खाली ठीक, 1.5 च्या वर गेलं की डॉक्टरांना फोन, 3 च्या वर थेट हॉस्पिटल. लघवीच्या पट्टीवर मध्यम किंवा जास्त आलं की लगेच डॉक्टरांशी बोला, सकाळची वाट बघू नका.

ग्लिफ्लोझिनवाल्यांसाठी एक सापळा आहे. या औषधांवर कीटोन चढलेले असताना शुगर 180 किंवा 200 इतकीच असू शकते. मीटरचा आकडा बघून घर निश्चिंत होतं आणि ओकारी "पोट बिघडलं" म्हणून सोडून दिली जाते. खाणं थांबलंय, उलट्या आहेत, आणि ही गोळी चालू आहे? शुगर कितीही असो, कीटोन बघा, आणि गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन घेणाऱ्याने "जेवलो नाही म्हणून इन्सुलिन नाही" हे परस्पर ठरवू नये. बरेचसे गंभीर प्रसंग तिथूनच सुरू होतात.

उलट दिशेचं खोटं प्लसही येतं. रात्रभराच्या उपाशीपणानंतर सकाळच्या लघवीत हलके कीटोन सामान्य माणसातही दिसतात, गरोदरपणात जास्त. उपास केला असेल, आहारातली पिष्टमय भर फार कमी केली असेल, तरी रंग येतो. शुगर सामान्य, माणूस खडखडीत, उलट्या नाहीत, ग्लिफ्लोझिन नाही, इन्सुलिन चुकलेलं नाही, तर पाणी प्या, खा आणि काही तासांनी पुन्हा बघा. कॅप्टोप्रिलसारखी काही औषधंही रंग आणतात. कीटोनचा चौकोन ओलाव्याने फार लवकर बाद होतो आणि बाद झाला की खोटा कोरा येतो, म्हणून जुन्या उघड्या बाटलीतल्या "निगेटिव्ह"वर आजारपणात भरवसा नको.

प्रोटीन

पट्टीवर प्रोटीन कोरं आलं म्हणून किडनी ठणठणीत असं होत नाही. मधुमेहात किडनीची पहिली कुरकुर इतक्या थोड्या अल्ब्युमिनने (रक्तातलं एक प्रोटीन) होते की साध्या पट्टीला ते दिसत नाही. त्यासाठी लॅबमध्ये अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर काढतात. ते मिलिग्रॅम प्रति ग्रॅममध्ये 30 च्या खाली सामान्य, 30 ते 300 मध्यम वाढ, त्यावर गंभीर. टाइप 2 ला निदान झाल्यापासून, टाइप 1 ला निदानानंतर पाच वर्षांनी, दरवर्षी. उलट पट्टीवर प्रोटीन दिसलं तर आदल्या दिवशीचा जोराचा व्यायाम, ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, पाळी यांपैकी काही आहे का ते बघा आणि ते सरल्यावर पुन्हा तपासा. एका नमुन्यावर डॉक्टरही शिक्का मारत नाहीत, तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन जास्त आले तरच धरतात.

एवढं करूनही जुळत नसेल तर डॉक्टरांकडे किंवा लॅबमध्ये विचारायला जाताना हे लिहून न्या: पट्टीचं नाव, बाटली उघडल्याची तारीख, त्याआधीची लघवी किती वाजता झाली, तपासलेली पहिली होती की दुसरी, मीटरचा त्याच वेळचा आकडा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, व्हिटॅमिनच्या गोळीसकट. पट्टीचा फोटो काढायचा असेल तर ठरलेल्या सेकंदालाच, बाटलीवरच्या रंगतक्त्याला लावून, दिवसाच्या उजेडात काढा. वाळलेली पट्टी कागदात गुंडाळून आणू नका, तिच्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.